आधी फिरायचं की आधी काम? नॉर्वेतल्या उन्हाळ्याबद्दल तुमचे प्रश्न

एप्रिल-मे आला की नॉर्वेत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींची पत्रं वाढतात आणि बहुतेकांचा विषय एकच असतो, की परीक्षा संपली, उन्हाळी काम लागलंय, मधे थोडे दिवस मोकळे आहेत, तेवढ्यात देश बघून घेऊ का. मी इथे पंधरा वर्षं राहतेय आणि पहिले तीन उन्हाळे मी पण असंच बाहेरचं काम केलंय, स्ट्रॉबेरीच्या शेतावर, मग एका कॅम्पिंगवर, मग डोंगरातल्या एका हिट्टेच्या स्वयंपाकघरात. (हिट्टे म्हणजे लाकडी केबिन, आणि नॉर्वेजियन माणसाचा जीव तिच्यात अडकलेला असतो.) म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयाचे घेतेय.

प्रश्न : ताई नमस्कार, मी मूळचा साताऱ्याचा, ट्रॉन्डहाइमला मास्टर्स करतोय. ६ जूनला शेवटचा पेपर आहे आणि २० जूनपासून उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर एका कॅम्पिंगवर काम लागलंय, कयाक भाड्याने देणं, पर्यटकांबरोबर छोट्या ट्रिपला जाणं, गवत कापणं, पडेल ते. १० ऑगस्टला काम संपेल. मधले १३ दिवस फिरायचंय. माझी यादी अशी आहे - ओस्लो, फ्लॉमची ट्रेन, बर्गन, ट्रोलटुंगा, गेइरांगर, गाल्ड्होपिगेन, मग लोफोटेन आणि जमलं तर नोर्डकाप. बजेट ९००० क्रोनर, गाडी नाही. सह्याद्रीत आठ वर्षं ट्रेक केलेत, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग सगळं झालंय. यादी जमेल का?

उत्तर : अरे, जमणार नाही, आणि मी हे तुझा उत्साह मारायला म्हणत नाहीये, तुझा उन्हाळा चांगला जावा म्हणून म्हणतेय. आधी नकाशा समोर घे. ट्रॉन्डहाइमहून बर्गनला ट्रेनने जायचं म्हणजे आधी ओस्लोला सहा-सात तास आणि तिथून परत बर्गनला तेवढेच, आणि तुझं काम आहे पार उलट्या दिशेला, उत्तरेला. म्हणजे तू चार-पाच दिवस फक्त दक्षिणेला जाऊन परत येण्यात घालवणार. नोर्डकाप म्हणजे देशाचं पार उत्तरेचं टोक, ते तर लोफोटेनपासूनही इतकं लांब आहे की गाडी नसताना जाण्यायेण्यातच चार दिवस संपतील.

पण अंतर हा छोटा मुद्दा झाला, खरा मुद्दा बर्फाचा आहे. आपल्या डोक्यात जून म्हणजे उन्हाळा, इथे समुद्रकाठी तो असतो पण वर डोंगरात जून म्हणजे नुकता कुठे वसंत. ओस्लो-बर्गन ट्रेन १९०९ पासून धावतेय, तिच्यावरचं फिन्से हे स्टेशन १२२२ मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटरने कमीच, तरी जूनमध्ये तिथे डब्याच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना बर्फ दिसतं आणि दोन-तीन तासांनी बर्गनला उतरलं की लोक टीशर्टवर फिरत असतात. गाल्ड्होपिगेन २४६९ मीटर, उत्तर युरोपातलं सगळ्यात उंच शिखर. ट्रोलटुंगा, म्हणजे तो दरीवर जिभेसारखा बाहेर आलेला खडक, जाऊन-येऊन २७ किलोमीटर, दहा-बारा तास, आणि जूनच्या सुरुवातीला वरच्या टप्प्यात बर्फ असायची शक्यता भरपूर.

आता तू म्हणशील बर्फ तर बर्फ, चालू की. पण वितळतं बर्फ हे थंडीतल्या घट्ट बर्फापेक्षा वाईट असतं. वरून पांढरं पठार दिसतं आणि खालून ओढा वाहत असतो, पाय टाकला की कंबरेपर्यंत आत. शिवाय सकाळी जो ओढा तू दगडांवरून पार केलास तोच संध्याकाळी परत येताना दुप्पट झालेला असतो, कारण दिवसभराच्या उन्हाने वरचं बर्फ वितळून खाली येतं. आपल्याकडे ओढा फुगतो तो पावसाने आणि तो पाऊस आपल्याला दिसतो, इथे निळं आकाश असताना ओढा फुगतो. तुझा सह्याद्रीचा अनुभव अजिबात कमी नाही, पाय, दम, रॉक पॅचवर डोकं शांत ठेवणं हे सगळं इथे उपयोगाला येणारच आहे, पण सह्याद्रीने आपल्याला ओलं होऊन चालायची सवय लावलीय आणि ती इथे मोडावी लागते. वासोट्याला भिजलो तर मजा असते, कारण पाऊस कोमट असतो आणि खाली गावात चहा असतो. इथे ५ डिग्रीत वाऱ्यात कॉटनचा टीशर्ट भिजला की अर्ध्या तासात बोटं चालेनाशी होतात.

म्हणून माझं सरळ मत असं, की जूनमध्ये खाली राहा, समुद्र, फ्योर्ड (म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची खाडी), रेल्वे, आणि उंच डोंगर ऑगस्टसाठी ठेव. तुझं काम १० ऑगस्टला संपतंय आणि विद्यापीठ सुरू व्हायला थोडे दिवस असतील, तेव्हा वाटा मोकळ्या असतात, हातात पगार असतो, आणि दोन महिने बाहेर काम करून अंगही तयार असतं. तेव्हा योटुनहाइमेनच्या उंच डोंगरांत जा, येंडे तलावावरून बोटीने मेमुरुबूला जाऊन बेसेग्गेनच्या धारेवरून परत ये (एका बाजूला हिरवा तलाव, दुसऱ्या बाजूला निळा, आणि मधून आपण), आणि गाल्ड्होपिगेन पण तेव्हाच कर, स्पिटरस्टुलेनकडून गेलास तर हिमनदी लागत नाही, युवासहिट्टाकडून गेलास तर हिमनदीवरून गाइडबरोबर दोराला बांधून जावं लागतं.

मग १३ दिवसांचं काय, तर माझा प्लॅन असा आहे. ७ तारखेला कुठेही जाऊ नकोस, झोप काढ आणि सॅक भर. मग तीन-चार दिवस ओन्दाल्सनेस. ट्रॉन्डहाइमहून डोम्बोसला उतरायचं आणि तिथून राउमा रेल्वे पकडायची, ११४ किलोमीटरची छोटी लाइन आहे, १९२४ मध्ये पूर्ण झाली, आणि फ्लॉमच्या ट्रेनची जेवढी जाहिरात होते त्याच्या पाव पण हिची होत नाही, पण मला विचारशील तर हीच जास्त आवडते, कारण ही लोकांच्या रोजच्या वापराची गाडी आहे आणि तिकीटही त्या मानाने परवडतं. वाटेत नदीपासून ५९ मीटर वर दगडी पूल आहे, मग ट्रोलवेगेनचा कडा येतो, हजार मीटरच्या आसपास सरळ उभा, कोकणकडा पाहिलेल्या माणसाने हा पण बघायलाच हवा. ओन्दाल्सनेसला गावातूनच रांपेस्ट्रेकेनला चढता येतं, साधारण ५४० मीटर उंचीवर लोखंडी प्लॅटफॉर्म आहे, खाली फ्योर्ड आणि गाव. रोम्सडाल्सएग्गेनची मोठी वाट मात्र जूनच्या सुरुवातीला धरू नकोस, तीच बर्फाची गोष्ट.

तिथून परत ट्रॉन्डहाइमला येऊन उत्तरेची नोर्डलांड रेल्वे. ट्रॉन्डहाइम ते बोडो ७२९ किलोमीटर, दहा तासांच्या आसपास. दिवसाची गाडी घे, रात्रीची नको, भले जूनमध्ये रात्री पण उजेड असतो. मधे मोशोएनला एक-दोन रात्री उतर, जुनी लाकडी घरांची गल्ली आहे, गर्दी नाही. पुढे साल्टफ्येलेटच्या उजाड पठारावर गाडी आर्क्टिक सर्कल ओलांडते, रुळाच्या बाजूला दगडी खूण दिसते. एक गोष्ट जाता जाता मनात ठेव, या लाइनचा उत्तरेकडचा भाग दुसऱ्या महायुद्धात जर्मन ताब्यात असताना युद्धकैद्यांकडून, सोव्हिएत आणि युगोस्लाव्ह लोकांकडून, जबरदस्तीने करून घेतला होता आणि त्यात खूप माणसं मेली, बोडोपर्यंत गाडी पोचली ती १९६२ मध्ये. मी दर वेळी त्या पठारावर खिडकीशी गप्प बसते.

बोडोला दोन दिवस ठेव. साल्टस्ट्राउमेन बघ, शहरापासून तीसेक किलोमीटर, बस जाते. भरती-ओहोटीचं पाणी एका अरुंद चिंचोळ्यातून घुसतं आणि मोठमोठे भोवरे होतात, साधारण दर सहा तासांनी दिशा बदलते, म्हणून वेळापत्रक बघूनच जा नाहीतर सपाट पाणी बघून परत येशील. तू कयाकचं काम करणार आहेस ना, मग हे पाणी तासभर काठावर बसून बघणं कुठल्याही ट्रेनिंगइतकंच कामाचं आहे. मग बोडोहून मोस्केनेसची फेरी, तीन-साडेतीन तास, आणि समोर लोफोटेनची भिंत हळूहळू समुद्रातून वर येते. ते दृश्य विमानातून येणाऱ्याला मिळत नाही.

१७ किंवा १८ तारखेला पोच, आणि उरलेले दोन दिवस काहीही करू नकोस. हे मी अनुभवाने सांगतेय. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी रात्रीच्या बसने सकाळी सहाला शेतावर पोचले होते, आदल्या आठवड्यात नव्या बुटांनी टाचा सोललेल्या, मोजे ओले, आणि आठला वाफ्यात वाकून उभी. पहिले दहा दिवस त्या टाचा भरल्या नाहीत आणि मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर जून खाली जमिनीकडे बघत काढला. बाहेरच्या कामात सुट्टी घेऊन बरं होता येत नाही, पायच तर लागतात.

अजून एक, लोफोटेनला मे अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही. ऐकायला भारी वाटतं पण पहिल्या आठवड्यात झोपेची वाट लागते, रात्री एक वाजता ऊन पडलेलं असतं आणि तुला वाटतं अजून एक टेकडी होईल. डोळ्यावरची पट्टी आण आणि घड्याळ बघून झोप. राइनेब्रिंगेन नंतर एखाद्या कोरड्या सुट्टीच्या दिवशी कर, ४४८ मीटरची टेकडी आहे, वर जायला जवळजवळ दोन हजार दगडी पायऱ्या, आणि त्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी बांधल्यात. इथल्या बऱ्याच डोंगरांवर त्यांचं काम आहे, बर्गनच्या उल्रिकेनवर पण. एकेक दगड बघ कसा बसवलाय, आपल्या गडांवरच्या जुन्या पायऱ्या ज्याने पाहिल्यात त्याला ते हात लगेच ओळखू येतील.

कयाकबद्दल एवढंच, की जूनमध्ये तिथलं पाणी १० डिग्रीच्या आसपास असतं. पोहता येतं म्हणून निर्धास्त राहू नकोस, इतक्या थंड पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासच ताब्यात राहत नाही, पोहण्याची वेळ नंतर येते. आठ मीटरपेक्षा लहान बोटीत लाइफ जॅकेट घालणं इथे २०१५ पासून कायद्याने सक्तीचं आहे. काम सुरू होताना मालकाला स्पष्ट विचार की ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा सूट) मिळणार का आणि उलटलेल्या कयाकमधून बाहेर यायची प्रॅक्टिस कधी करून घेणार, आणि ती प्रॅक्टिस झाल्याशिवाय दुसऱ्याला घेऊन पाण्यात जाऊ नकोस.

पैशाचं म्हणशील तर ट्रेनची तिकीटं जितकी आधी काढशील तितकी स्वस्त, आणि स्टुडंट म्हणून काढ. इंटररेलच्या, म्हणजे युरोपभर चालणाऱ्या रेल्वे पासच्या, नादी लागू नकोस, तू नॉर्वेचा रहिवासी असल्यामुळे तुला तो पास नॉर्वेत फक्त देशाबाहेर जायला एकदा आणि परत यायला एकदा चालतो. सगळ्या गाड्या-बस-फेऱ्या एकत्र बघायला एनटूर हे ॲप आहे, हवामानाला यर, आणि डोंगरात जायच्या आधी हिमस्खलन-पुराचे इशारे वारसोमवर. एवढी तीन फोनमध्ये असली की बास.

प्रश्न : मॅडम, आम्ही इस्लामपूरला असतो. मुलगी ओस्लोला शिकते. १ जुलैपासून वालडाल म्हणून गाव आहे तिथे स्ट्रॉबेरीच्या शेतावर काम करणार आहे. त्याआधी आठ दिवस एकटीच तंबू घेऊन फिरणार म्हणते. म्हणे कुठेही तंबू टाकला तरी चालतो. हे खरं आहे का? मला रात्री झोप लागत नाही. आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, खाणार काय? इथून तूप, चितळ्यांची बाकरवडी, चटण्या पाठवू का?

उत्तर : ताई, तुमची काळजी मला अगदी कळते, माझ्या आईने पहिल्या वर्षी रोज फोन करून एकच विचारलं होतं, रात्री दाराला कडी आहे ना. तंबूला कडी नसते, पण मुलगी बरोबर सांगतेय. इथे हक्कच आहे तसा, आलेमान्सरेत्तेन म्हणतात त्याला, म्हणजे निसर्गात फिरायचा सगळ्यांचा हक्क, १९५७ चा कायदा आहे. जंगल, माळ, डोंगर, किनारा जिथे शेती नाही तिथे जमीन कुणाच्याही मालकीची असली तरी चालता येतं आणि तंबू टाकता येतो. अट एवढीच की राहत्या घरापासून किंवा हिट्टेपासून निदान १५० मीटर लांब आणि एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त नाही, जास्त राहायचं तर जमीनमालकाला विचारायचं. पेरलेल्या शेतात, कुरणात, अंगणात अजिबात नाही. जिथे गर्दी फार झालीय तिथे बंदीच्या पाट्या लावल्यात, त्या मानायच्या. आणि १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलाजवळ आग पेटवायला बंदी आहे, शेकोटीचा विचार तिने करू नये.

एकट्या मुली इथे तंबू घेऊन फिरतात, हे रोजचं दृश्य आहे, कुणी वळून बघत नाही. मी स्वतः फिरलेय. माणसांची भीती मला कधी वाटली नाही, भीती वाटली ती हवेची, म्हणून तिला जे विचारायचं ते हे विचारा, की पावसाचा वरखाली सूट घेतलास का, अंगाला लागून लोकरीचे कपडे आहेत का, आणि रोज संध्याकाळी कुठे आहेस ते कुणाला तरी कळवणार का. शेवटची गोष्ट तर इथल्या डोंगरनियमांमध्ये पहिलीच आहे. एकूण नऊ नियम आहेत, शाळेतल्या पोरांना पाठ असतात, आणि आठवा मला सगळ्यात आवडतो, वेळेत मागे फिरा, मागे फिरण्यात लाज नाही. तिच्या फोनमध्ये ११३ हा ॲम्ब्युलन्सचा नंबर तुम्ही स्वतः सांगून सेव्ह करून घ्या, ११२ पोलिसांचा, ११० आगीचा. तुम्हालाच बरं वाटेल. आणि आठातल्या दोन रात्री तरी तिने कॅम्पिंगच्या छोट्या खोलीत काढाव्यात, अंघोळ होते, कपडे वाळतात, फोन चार्ज होतो. पश्चिम किनाऱ्यावर गवतात गोचीड असतात, रोज रात्री पाय, गुडघ्यामागे, काखेत बघायचं, चिकटलेली दिसली तर लगेच चिमट्याने काढायची.

वालडाल चांगलं गाव आहे, स्ट्रॉबेरीसाठी ओळखलं जातं, उंच डोंगरांच्या मधली ऊबदार दरी. उजेड लांब आणि रात्री थंड, फळ हळू पिकतं आणि म्हणून इतकं गोड लागतं. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी खाऊन मोठी झालेली मुलगी असेल तर तिला पहिल्या दिवशीच फरक कळेल.

आता खाणं. तूप पाठवू नका! युरोपच्या बाहेरून येणारं दूध, तूप, चीज, खवा आणि मांस आणायला नॉर्वेत बंदी आहे, कस्टममध्ये काढून घेतात. खव्याची मिठाई पण त्यातच आली. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, कुळीथ पीठ, गोडा मसाला हे तंबूतल्या स्वयंपाकाला सोनं आहे, हलकं असतं आणि टिकतं. इथे लोम्पे म्हणून बटाट्याची मऊ पातळ पोळी मिळते, लोक त्यात सॉसेज गुंडाळतात, आपण शेंगदाण्याची चटणी आणि काकडी गुंडाळायची, मी कित्येक दिवस त्याच्यावर काढलेत. ओट्स, डब्यातले राजमे-चणे, क्नेकेब्रोड म्हणजे कडक कोरडी भाकरीच, आणि ब्राउन चीज, जे पहिल्यांदा विचित्र लागतं आणि दुसऱ्या आठवड्यात खव्याची आठवण करून देतं. नळाचं पाणी सगळीकडे पिता येतं, बाटली विकत घ्यायची गरज नाही. डाळ-तांदूळ तिने ओस्लोतूनच न्यावेत, ग्रोनलांड भागात आपल्याकडच्या सगळ्या डाळी मिळतात. मोठी किराणा दुकानं रविवारी बंद असतात, शनिवारी सामान भरायचं हे तिला माहीत असेलच. गॅसचा डबा विमानात चालत नाही, तो इथे खेळाच्या दुकानात घ्यायचा.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, तीन महिने बिनपगारी सुट्टी मिळतेय. टुरिस्ट व्हिसावर नॉर्वेला जाऊन आधी महिनाभर फिरायचं आणि मग दोन महिने एखाद्या फार्मवर किंवा डोंगरातल्या हॉटेलात काम करून खर्च भरून काढायचा असा विचार आहे. पगार नको, राहणं-खाणं मिळालं तरी चालेल. एका एजंटने काम लावून देतो म्हणून पैसे पण मागितलेत. काय करू?

उत्तर : एजंटला पैसे देऊ नका, हे आधी. खरा मालक नोकरी देण्याचे पैसे मागत नाही.

टुरिस्ट व्हिसा म्हणजे शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच), १८० दिवसांत ९० दिवस फिरायचा, त्यावर काम करता येत नाही, आणि राहण्या-जेवणाच्या बदल्यात शेतावर राबणं हे पण कामच धरलं जातं, पैसे हातात पडले नाहीत म्हणून ते सुटत नाही. पकडलं गेलात तर परत पाठवतात आणि पुढचा व्हिसा अवघड होतो, एका उन्हाळ्यासाठी एवढी किंमत देऊ नका. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जपान अशा काही देशांच्या तरुणांना इथे वर्किंग हॉलिडेची सोय आहे, भारताशी तसा करार नाही. आपल्यासाठी रस्ता एकच, हंगामी कामाचा परवाना. त्यासाठी आधी नॉर्वेतल्या मालकाची लेखी ऑफर लागते, पगार आणि तास इथल्या नियमाप्रमाणे लागतात, आणि परवाना १२ महिन्यांत जास्तीत जास्त ६ महिन्यांचा मिळतो. अर्ज परदेशी नागरिकांचं जे खातं आहे, यूडीआय, त्यांच्या साइटवर आणि तो निघायच्या आधी, हातात परवाना आल्याशिवाय तिकीट काढू नका.

आणि खरं सांगू का, तुमच्याकडे पुण्याची नोकरी आहे, तीन महिने आहेत, तर कामाचा हट्ट सोडून महिनाभर नीट फिरा. ट्रेकिंग असोसिएशनचं सभासद व्हा, डेएनते म्हणतात तिला, १८६८ पासूनची संस्था आहे, त्यांच्या पाचशेच्या वर केबिन देशभर आहेत आणि वाटांवर खूण म्हणून लाल रंगात इंग्रजी T अक्षर काढलेलं असतं. कित्येक केबिनमध्ये माणूसच नसतो, सभासदांना एक चावी मिळते, आपण उघडायचं, लाकडं फोडून शेगडी पेटवायची, कपाटातलं खाणं घ्यायचं, वहीत लिहायचं आणि पैसे नंतर भरायचे. कुणी बघत नाही, तरी लोक भरतात. निघताना केबिन झाडून, पाणी भरून, लाकडं फोडून ठेवायची, पुढच्यासाठी. चादरीची पिशवी तेवढी स्वतःची न्यायची. काम करायचीच इच्छा असेल तर तिथे भरपूर पुरवली जाते!

पण जुलै-ऑगस्टमध्ये या, जूनमध्ये नको. कारण वर सातारकराला सांगितलंय.

प्रश्न : बर्गनला शिकते, मूळची अमरावतीची. उन्हाळ्यात फ्योर्डवर सायकल भाड्याने देण्याचं काम मिळालंय. काम जूनच्या शेवटी सुरू, त्याआधी दहा दिवस फिरणार आहे. जायच्या आधी कागदपत्रांचं काय काय उरकून घेऊ? मालक म्हणतो ये तू, बघू.

उत्तर : "ये तू, बघू" वर जाऊ नकोस. माणूस चांगला असेलही, पण लेखी करार हा तुझा कायदेशीर हक्क आहे, त्यात तासाचा पगार, तास, सुरू आणि संपायची तारीख, राहायची जागा देणार असेल तर तिचे किती कापणार हे सगळं लिहिलेलं हवं. फिरायला निघायच्या आधी मागून घे, एकदा डोंगरात गेलीस की नेटवर्क नाही, मेल नाही, आणि मग तू बॅग घेऊन दारात उभी राहणार तेव्हा बोलायची ताकद राहत नाही. नॉर्वेत सगळ्या कामांना लागू असा एकच किमान पगार नाही, पण शेती, हॉटेल-रेस्टॉरंट, साफसफाई अशा काही क्षेत्रांत ठरवून दिलेला आहे, तुझं काम नेमकं कशात बसतं ते कामगार तपासणी खात्याच्या, आर्बाइट्सतिल्सीनेतच्या साइटवर बघ, इंग्रजीत आहे सगळं. कायद्याने दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४० तास, त्यापुढे ओव्हरटाइम, आणि त्याला निदान ४० टक्के जास्त. पर्यटनात उन्हाळ्यात तास वाढतातच, म्हणून स्वतःच्या वहीत रोजचे तास लिहून ठेव.

स्टुडंट परमिटवर शिकतानाच्या काळात आठवड्याला २० तास आणि सुट्टीत पूर्ण वेळ काम चालतं, तर विद्यापीठाची सुट्टी नक्की कुठल्या तारखेपासून धरतात ते बघून घे. परमिटची तारीख ऑगस्टमध्ये संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज पण फिरायला जायच्या आधीच टाक.

आणि टॅक्स कार्ड! स्काटेकोर्ट. ते नसेल तर मालकाला तुझ्या पगारातला ५० टक्के टॅक्स कापावाच लागतो, तो परत मिळतो पण कधीतरी पुढच्या वर्षी. वर्षाची कमाई १,००,००० क्रोनरच्या आत राहणार असेल तर फ्रीकोर्ट मिळतं, म्हणजे टॅक्स कापतच नाहीत, ही मर्यादा २०२५ पासून एवढी वाढलीय. हिवाळ्यात कुठे पार्टटाइम केलं असशील तर ते पण त्यात धरायचं.

शेवटचं, बऱ्याच मुलांना माहीत नसतं म्हणून सांगते. इथे सुट्टीचा पगार वेगळा साठतो, फेरिएपेंगेर, कमावलेल्या पगाराच्या निदान १०.२ टक्के. कायम नोकरीवाल्यांना तो पुढच्या वर्षी जूनमध्ये मिळतो, पण तुझं काम उन्हाळ्यापुरतं आहे, म्हणून तो शेवटच्या पगाराबरोबरच मिळायला हवा. ऑगस्टच्या स्लिपवर ती ओळ शोध, नसेल तर तिथून निघायच्या आधी विचार, घरी पोचल्यावर नाही.